डॉक्टरांचे जुने स्पीकर

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. पेणच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पद्मजा नववीचे भूमितीचे पेपर तपासत बसली होती, तेव्हा मुंबईच्या डीलरचा फोन आला.

"मॅडम, डॉक्टरसाहेबांनी स्पीकर बुक केले होते ना, त्यांचा नंबर लागला. जोडी तयार आहे. साहेबांचा फोन बंद येतोय, म्हणून तुम्हाला केला."

"ते गेले," पद्मजा म्हणाली. "श्रावणात."

त्या माणसाने अशा वेळी जे बोलायचं असतं ते सगळं नीट बोलून घेतलं. साहेबांसारखा कान दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, असंही म्हणाला. आणि शेवटी, जरा चाचरत, "मग जोडीचं काय करू? मागे लोक थांबलेत. संक्रांतीपर्यंत कळवलंत तरी चालेल."

"कळवते."

फोन ठेवून तिने पुढचा पेपर ओढला. त्यात एका पोराने त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोनशे अंश केली होती. तिने त्यावर लाल रेघ मारली आणि पुढे गेली.

श्रेयस, तिचा नवरा, पेणमधला जुना दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल फिरवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन हॉलमध्ये गाणं ऐकत बसायचं, एवढंच त्याचं आयुष्य होतं म्हटलं तरी चालेल. पण ते ऐकणं साधं नव्हतं. घरात आधी एक बरा रेकॉर्ड प्लेयर आला, मग त्याला शोभेल असा अँप्लिफायर हवा वाटायला लागला. अँप्लिफायर आला तेव्हा स्पीकर कमी पडायला लागले. स्पीकर बदलले तर केबल हलकी निघाली. असं करत करत हॉलमधला सोफा गेला, शोकेस गेली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर कापडी गाद्या आल्या, आणि कपाटाएवढे दोन स्पीकर समोरच्या दोन कोपऱ्यांतून खोलीच्या मध्यावर रोखून उभे राहिले. त्या मध्यावर एकच खुर्ची. आवाज तिथेच खरा जुळतो, इकडेतिकडे नाही, असं श्रेयसचं म्हणणं.

काही नवीन आलं की तो पद्मजाला स्वयंपाकघरातून बोलावून त्या खुर्चीत बसवायचा, भीमपलासची एक ठरलेली रेकॉर्ड लावायचा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहायचा. "ऐकलंस? तंबोऱ्याचा खर्ज बघ कसा सुटा झाला." पद्मजा हो म्हणायची. तिला तंबोरा ऐकू यायचा, खर्जही ऐकू यायचा, पण तो काल बांधलेला आणि आज सुटा, हे काही कळायचं नाही. गॅसवरचं काहीतरी आठवून ती उठायची.

सुटा खर्ज ऐकायला विराज होता. विराज रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत होता, शिफ्टची नोकरी. फार वर्षांपूर्वी दाढ दुखते म्हणून कुणीतरी त्याला पेणच्या डॉक्टरकडे पाठवलं. दवाखान्यात हळू आवाजात गाणं चाललं होतं. दाढ काढून झाल्यावर हा माणूस तोंडात कापूस धरून तसाच बाकावर बसून राहिला, रेकॉर्ड संपेपर्यंत. तेव्हापासून दर रविवारी, शिफ्ट नसेल तर, तो पेणला यायचा. दोघं मिळून ऐकायचे, भांडायचे, मागचे पॅनेल उघडून बघायचे. आणि श्रेयसने एखादी वस्तू बदलली की जुनी विराजकडे जायची. अशी वर्षानुवर्षं पेणच्या हॉलमधून निघालेली प्रत्येक गोष्ट नागोठण्यावरून, कुंडलिकेच्या पुलावरून, विराजच्या अष्टमी गावातल्या घरी जाऊन बसली होती. श्रेयस गमतीने म्हणायचा, विराजकडे माझं मागचं आयुष्य आहे.

श्रावणातल्या एका सकाळी दवाखान्यात हातमोजे चढवता चढवता श्रेयस टेबलाला टेकला आणि तिथेच संपला. जवळच्या जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी एक बाई आ करून त्याची वाट बघत बसली होती. तिनेच आरडाओरडा केला.

पद्मजा रडली नाही. लोक म्हणाले, धीराची बाई. बंगळुरूहून तनया, त्यांची मुलगी, आली तीच आईच्या गळ्यात पडून रडली आणि पद्मजाने तिची पाठ थोपटली. दिवस झाले, दवाखाना बंद झाला, ती शाळेत रुजू झाली. दात काढण्याआधी भूल देतात तेव्हा आपलाच गाल आपल्याला परका लागतो. बोट लावलं तर बोटाला गाल कळतो, गालाला बोट कळत नाही. तिचं तसं झालं होतं. कशालाही हात लावला तरी हाताला कळायचं, एवढंच. भूल उतरेल, असं तिला पहिले काही आठवडे वाटत होतं. मग तिने वाट बघणं सोडून दिलं. त्याने काही अडतही नव्हतं.

रविवारी विराज आला. श्रेयस गेल्यावरही त्याचं येणं चुकलं नव्हतं. दारात चपला काढायचा, हात धुवायचा, हॉलमध्ये जाऊन अँप्लिफायर चालू करायचा. त्यातले काचेचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, तोवर पद्मजा चहा टाकायची. मग तो एक रेकॉर्ड लावायचा आणि खुर्चीत न बसता बाजूला स्टुलावर बसून ऐकायचा. पद्मजा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. रेकॉर्ड संपली की "येतो वहिनी" म्हणून जायचा. त्याला तेवढाच विरंगुळा, असं तिला वाटायचं, म्हणून ती रविवारी कुठे जात नसे.

चहा देताना तिने त्याला डीलरच्या फोनचं सांगितलं.

विराजने कप खाली ठेवला. "घ्यायलाच पायजेत वहिनी."

"कोण ऐकणार ते?"

"तसं नाय. डॉक्टरांनी चार वर्षं नंबर लावून ठेवलेला. हाताने बनवतात ते लोक, वर्षाला मोजक्याच जोड्या. डॉक्टर म्हणायचे, हे आले की विराज, आपण थांबू. मग काय बदलायचं नाय."

"असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे, भाऊजी."

विराज हसला नाही. "ह्या वेळी मनापासून म्हणत होते. अर्धं राहायला नको, एवढंच माझं म्हणणं. तुम्ही हो म्हणा, आणणं, बसवणं, सगळं मी बघतो."

"आणि हे?" तिने कोपऱ्यातल्या स्पीकरांकडे पाहिलं.

"हे माझ्याकडे नेईन की. नेहमीसारखे."

म्हणजे याला ते हवेत, पद्मजाला वाटलं. मनात काही खटकलं नाही, रागही आला नाही. एखाद्या उदाहरणात मधली पायरी सापडावी तसं वाटलं, बस.

दुसऱ्या दिवशी तनयाचा फोन आला, तिलाही सांगितलं. तनया म्हणाली, "आई, वेडी आहेस का? नवीन घ्यायचं सोड, आहे तेही विकून टाक. हॉल मोकळा कर. तू त्या घरात गोदामात राहिल्यासारखी राहतेस."

"बरं."

"बरं म्हणजे काय? तुला काय वाटतं ते सांग ना."

पद्मजाने विचार केला. खरोखर केला. "काही वाटत नाही गं," ती म्हणाली. पलीकडून तनयाचा नाक ओढल्याचा आवाज आला. आपण काहीतरी बोलायला हवं होतं हे पद्मजाला कळत होतं. काय, ते सुचलं नाही.

त्या दुपारी शाळेतून आल्यावर तिने ठरवून एक गोष्ट केली. विराज करतो तसा अँप्लिफायर चालू केला, व्हॉल्व्ह तापू दिले, भीमपलासची रेकॉर्ड लावली आणि मधल्या खुर्चीत जाऊन बसली. समोर कुणी चेहरा बघत उभं नव्हतं. तंबोरा सुरू झाला. मग गाणाऱ्या बाईंचा आवाज आला, इतका जवळ की श्वास घेतलेला कळत होता. पद्मजा हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. आता तरी काही होईल, एखाद्या ठिकाणी घसा दाटेल, असं वाटून ती प्रत्येक समेला जरा सावरून बसत होती. शेजारच्या घरात कुणी नळ चालू ठेवावा आणि आपण तो ऐकावा, तसं ते गाणं एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने गेलं. सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली. तिने उठून ती उचलली, रेकॉर्ड पाकिटात घातली आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

त्यानंतरच्या रविवारी विराज गाडी घेऊन आला तो तिला अष्टमीला न्यायलाच. "आसावरी कधीची बोलवतेय. जेवायला चला. आणि जुने स्पीकर माझ्याकडे लावलेले आहेत, ते ऐका. मग नव्याचं ठरवा. तुलना केल्याशिवाय कसं कळणार?"

नको म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. ती निघाली. हायवेचं काम चालू होतं, धुरळ्यात वडखळपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. विराज त्या स्पीकरच्या लाकडाबद्दल बोलत होता, ती "हं" म्हणत होती. नागोठणं गेलं, रोहा आलं, पुलावरून गाडी कुंडलिका ओलांडून अष्टमीत शिरली आणि विराजच्या घरासमोर थांबली. तशी पद्मजा या घरी दोनतीनदाच आली होती, हळदीकुंकवाला वगैरे. माडीवरच्या खोलीत कधी गेली नव्हती.

आसावरी, विराजची बायको, स्वयंपाकघरात ताटात मोड आलेले वाल घेऊन सोलत बसली होती. "या ताई, बसा. बिरडं व्हायचंय अजून. मला उशीरच झाला."

"आधी वर दाखवतो त्यांना," विराज म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीतला कुणीतरी होता, कुठल्यातरी पंपाचं काहीतरी झालं होतं. तो बोलत बोलत अंगणात गेला.

"चला, मी दाखवते," आसावरी हात पुसत उठली.

माडीवरची खोली कुलूपबंद होती. आसावरीने कुलूप काढलं. आत सगळं ओळखीचं होतं. लग्नानंतर भाड्याच्या दोन खोल्यांत श्रेयसने आणलेला पहिला प्लेयर. तनयाच्या जन्माच्या सुमाराचा अँप्लिफायर. आणि खिडकीपाशी ते तपकिरी स्पीकर, ज्यांतल्या एकाच्या तळाशी तनयाच्या तीनचाकी सायकलने पाडलेला ओरखडा होता. त्या ओरखड्यावरून श्रेयस दोन दिवस जेवला नव्हता आणि तिसऱ्या दिवशी तनयाला खांद्यावर घेऊन नदीवर फिरवून आला होता. पद्मजाने वाकून ओरखड्यावर बोट फिरवलं. बोटाला खाच कळली.

"धूळ नाही कुठे," ती म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून.

"रोज पुसतात. पुसतात नि कुलूप लावतात." आसावरीने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "ताई, एक सांगू? रागवू नका. डॉक्टर गेल्यापासून यांनी एकदाही लावलं नाही. एकदासुद्धा नाही. आधी मी ओरडायची, बंद करा म्हणून. आता वाटतं, लावतील तर बरं."

"पण माझ्याकडे तर दर रविवारी ऐकतात."

"तुमच्याकडे जायचं म्हणून जातात. शनिवारी रात्रीपासून जेवण जात नाही. मी म्हटलं, नसेल जमत तर नका जाऊ. तर म्हणतात, वहिनींना त्या आवाजाची सवय आहे, घर एकदम मुकं झालं तर त्या कशा राहतील. रेकॉर्ड लावून येतो, त्यांना बरं वाटतं." तिने पद्मजाकडे पाहिलं. "वाटतं ना ताई?"

पद्मजा स्पीकरसमोर तशीच वाकलेली होती. ती सरळ झाली. "मी तर त्यांच्यासाठी थांबते रविवारी," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांना ऐकायचं असतं."

आसावरीने हळूच विचारलं, "आणि ते नवीन?"

"ते म्हणाले, जुने तुमच्याकडे येतील."

"अगोबाई! इथे? कुठे ठेवायचे ते?" आसावरीने तोंडावर हात ठेवला. "मला तर म्हणाले, वहिनींच्या मनात आहे घ्यायचे. डॉक्टरांची शेवटची इच्छा म्हणून."

दोघी खाली येऊन वाल सोलायला बसल्या. विराज फोन आटपून आत आला तेव्हा त्या दोघी ताटात बोटं चालवत होत्या. "ऐकले का स्पीकर?" त्याने विचारलं.

"भाऊजी, बसा," पद्मजा म्हणाली. वर्गात एखाद्या मुलाला बसवते तशाच आवाजात, आणि तो बसला. "तुम्हाला हवेत का ते नवीन?"

"माझं काय वहिनी, तुमची..."

"माझं नंतर. तुमचं सांगा."

विराजने आसावरीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. मग त्याने टेबलावर पडलेली वालाची सालं एका जागी गोळा केली.

"मला ऐकू येत नाय वहिनी," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे येतं. बोलणं येतं. पण वरचे सूर गेले. ब्लोअरच्या शेजारी सगळी नोकरी गेली ना. कंपनीत मेडिकल होतं, तेव्हा कानाची तपासणी करतात. मला दहाबारा वर्षांपूर्वीच सांगितलेलं. आता तर निम्मं नसेल येत." तो बोलत राहिला, जसं काही दुसऱ्या कुणाच्या कानांबद्दल सांगतोय. "डॉक्टर म्हणायचे, झांज ऐक, कशी चमकते. मी म्हणायचो, व्हय, चमकते. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी जुनं मला दिलं असतं का? दिलं असतं, त्याचं काय नाय. पण मग ते विचारायचे नाय ना. माझ्याकडे बघायचे नाय, काय आणलं की आधी. रविवारी जायचं, त्यांच्या बाजूला बसायचं... मला तेवढंच पायजे होतं."

आसावरीचे हात थांबले होते. हे तिलाही ठाऊक नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मलाही तो खर्ज कधी सुटा ऐकू आला नाही," पद्मजा म्हणाली.

विराजने वर पाहिलं. "खरं सांगताय?"

"इतक्या वर्षांत एकदाही नाही."

तो हसला की काय झालं ते कळलं नाही. तोंड हसल्यासारखं झालं आणि डोळे भरून वाहायला लागले. आसावरीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो मोठ्याने रडला, लहान मुलासारखा, टेबलावर कपाळ टेकून. पद्मजा समोर बसून बघत होती. तिला त्याचा हेवा वाटला. कितीतरी दिवसांत वाटलेली ती पहिली गोष्ट, आणि तीही क्षणभरच. मग तिने उरलेले वाल सोलून संपवले, कारण कुणीतरी संपवायला हवे होते.

जेवताना तिने सांगितलं, स्पीकर घ्यायचे नाहीत. विकायचंही काही नाही. जे जिथे आहे ते तिथेच राहू दे, आणि पुढे कधी त्रास व्हायला लागला तर बघू. विराजने मान हलवली. "डॉक्टरांना काय वाटेल" असं तो एकदा म्हणाला, पण त्यात आधीचा जोर नव्हता. पद्मजा म्हणाली, "त्यांना दुसरं काहीतरी सापडलं असतं बदलायला." आसावरी फसकन हसली आणि लगेच घाबरून पद्मजाकडे बघायला लागली. पद्मजाने तिच्याकडे भाताचं भांडं सरकवलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने डीलरला फोन केला. तो म्हणाला, काही हरकत नाही मॅडम, नाशिकचे एक गृहस्थ थांबलेत, ते आजच उचलतील. मग म्हणाला, "जमलं तर कधी या दुकानात. ऐकून तरी जा." ती बरं म्हणाली. जायचं नाही हे दोघांनाही माहीत होतं. फोन ठेवल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. घंटा झाली, ती खडू घेऊन आठवी ब मध्ये गेली. संध्याकाळी तनयाला कळवलं. तनया म्हणाली, "निदान ठरवलंस तरी, आई," आणि खूप दिवसांनी दोघी भाज्यांच्या भावावर आणि तनयाच्या ऑफिसवर बोलल्या.

रविवारी विराज आला, पण या वेळी आसावरीही होती. तिने डब्यात तिळाच्या वड्या आणल्या होत्या. विराज सवयीने हॉलमध्ये गेला, अँप्लिफायरपाशी उभा राहिला आणि वळून म्हणाला, "लावू?"

"तुम्हाला लावायचंय?"

"नाय."

"मग राहू दे."

तो काय करावं ते न कळून उभाच राहिला. मग आत येऊन दिवाणावर बसला. पद्मजाने चहा केला. चहा पिता पिता त्याचे डोळे मिटायला लागले आणि थोड्या वेळाने तो दिवाणावर आडवा होऊन घोरायला लागला. आसावरी उठवायला निघाली तर पद्मजाने खुणेनेच नको म्हटलं. दोघी मागच्या पडवीत येऊन बसल्या. बाहेर ऊन पडलं होतं, शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी गणपतीच्या मूर्तींच्या पाटांची थप्पी लावत होतं.

"ताई," आसावरी म्हणाली, "डॉक्टरांचं नि तुमचं लग्न कसं जमलं हो? यांना कधी विचारलं तर म्हणतात, मला काय ठाऊक, आम्ही गाण्याचंच बोलायचो."

पद्मजाने जरा आठवून पाहिलं. मग सांगायला लागली. तिच्या वडिलांची दाढ, पेणमधला तो नवा डॉक्टर, वडिलांसोबत ती गेली होती तो दिवस. त्याने तिच्या वडिलांना विचारलं होतं, दुखतंय का, आणि वडील म्हणाले होते, मला नाही, हिला विचारा, ही मघापासून डोळे मिटून बसलीय. सांगताना तिचा आवाज कुठे अडखळला नाही. कुणा ओळखीच्या बाईचं सांगावं तसं ती सांगत होती. आसावरी मधेच हसली, मधेच "मग?" म्हणाली. आणि पद्मजा पुढचं सांगत राहिली, वड्यांचा डबा दोघींच्या मध्ये ठेवून, ऊन पायरीवरून खाली उतरेपर्यंत.